घरचं कॅट लिटर: गोळा बसला तर वास येतो, वास घालवला तर गोळा फुटतो

कॅट लिटर म्हणजे मांजराने शी-शू करावी म्हणून ट्रेमध्ये भरायचा माल. चांगला माल ओला झाला की गोळा धरतो आणि तेवढाच गोळा झाऱ्याने उचलून टाकता येतो. घरी असं लिटर करणाऱ्या नाशिककरांकडून दोन तक्रारी सारख्या ऐकू येतात. पहिली अशी, की गोळा झकास बसतो, पण दोन-तीन दिवसांत त्या खोलीत डोळे चुरचुरायला लागतात. दुसरी अशी, की वास गेला, पण झाऱ्याने उचलायला गेलं की गोळा फुटतो, ओला चुरा ट्रेभर पसरतो आणि सगळंच ओतून द्यावं लागतं. पुष्कळदा या दोन्ही तक्रारी एकाच घरातून येतात. आधी वासावर काहीतरी घातलेलं असतं आणि त्यानेच गोळा बिघडलेला असतो. मग गोळा सुधारायला दुसरं काहीतरी घातलं जातं आणि वास परत येतो. हे चक्र महिनोन्‌महिने चालतं. शेवटी माणूस कंटाळून विकतच्या पिशवीकडे वळतो, नाहीतर, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं, मांजराला बाहेर काढतो.

यातून सुटायचं तर एक गोष्ट धरून ठेवा. वासावरचा उपाय तुमच्या लिटरचा मूळ माल कोणता आहे ते बघून निवडायचा. लाकडाच्या भुशात जे चालतं ते बेंटोनाइट नावाच्या मातीत गोळा मोडतं, आणि काही वस्तू अशा आहेत की त्या कुठेच घालू नयेत, मग शेजारच्या काकूंनी कितीही खात्रीने सांगितलेलं असो.

आधी माती तपासा

'बेंटोनाइट' असं लिहिलेली प्रत्येक पिशवी गोळा धरेलच असं नाही. गोळा धरतं ते सोडियम बेंटोनाइट. त्याच्या बारीक पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते कित्येक पट फुगतं, चिकट होतं आणि आजूबाजूचे दाणे स्वतःत ओढून घेतं. कॅल्शियम बेंटोनाइट पाणी पितं, पण फारसं फुगत नाही. मुलतानी मातीचंही तसंच. 1947 साली अमेरिकेत एड लो यांनी मांजरासाठी म्हणून जी माती विकायला सुरुवात केली ती याच जातीची होती. ती शोषून घ्यायची, पण गोळा धरत नसे. गोळा धरणारं बेंटोनाइटचं लिटर 1980 च्या दशकात आलं. तेव्हा मुलतानी मातीचा गोळा बसत नाही म्हणून तुम्ही हैराण असाल तर प्रमाण बदलून उपयोग नाही, माती बदलावी लागेल.

आपल्याकडचं बेंटोनाइट मुख्यतः कच्छ आणि राजस्थानातल्या बाडमेरकडून येतं. नाशकात ते वेगवेगळ्या धंद्यांत लागतं. ढलाईच्या कारखान्यांत वाळूचे साचे बांधायला, वाइनरीत पांढरी वाइन नितळ करायला, आणि इलेक्ट्रिकलच्या दुकानात अर्थिंगच्या खड्ड्यात भरायला. यातलं ढलाईचं तयार मिश्रण घेऊ नका, त्यात दगडी कोळशाची भुकटी असू शकते. अर्थिंगच्या पिशवीत मीठ किंवा ग्रॅफाइट मिसळलेलं असू शकतं, तेही नको. नुसतं बेंटोनाइट, काहीही न मिसळलेलं, असं दुकानदाराकडून स्पष्ट वदवून घ्या.

घरी आणलं की परीक्षा सोपी आहे. काचेचा ग्लास पाण्याने भरा. एक चमचा पावडर चिमटी-चिमटीने वरून सोडत जा. एकदम ओतली तर वर गुठळी होते आणि काही कळत नाही. रात्रभर हलवू नका. सकाळी ग्लासात टाकल्या मापाच्या कित्येक पट फुगलेला, जेलीसारखा थर दिसला तर माल चांगला. तळाशी जेमतेम तेवढाच गाळ बसला असेल तर ते कॅल्शियमचं आहे किंवा भेसळीचं आहे. ते परत करा.

दुसरी परीक्षा हळदीची. तेच पाणी नितळलं की त्यात हळदीचं बोट लावलेला कागदाचा तुकडा बुडवा. हळद पिवळीच राहिली तर ठीक. ती लालसर तपकिरी झाली तर माल अल्कधर्मी आहे. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच हा प्रकार. बरंच बेंटोनाइट मुळातच थोडं अल्कधर्मी असतं, आणि कॅल्शियमच्या मातीला धुण्याचा सोडा लावून फुगणारी केलेली असेल तर जास्तच. म्हणून ही परीक्षा नापास झाली तर माल फेकू नका, पण अशा मालात वासाची तयारी जास्त ठेवावी लागणार हे ओळखून चाला. ही परीक्षा कोऱ्या मालावरच करा. वापरलेल्या लिटरमध्ये अमोनिया असतो, त्यानेही हळद लाल होते.

वास कुठून येतो

मांजराच्या ताज्या मूत्रात युरिया असतो, आणि त्याला अमोनियाचा वास नसतो. ट्रेमधले जिवाणू युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) वापरून त्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात. द्राक्षबागेत ओल्या मातीवर युरिया उघडा पडला की हवेत उडून जातो, तीच ही क्रिया. तयार झालेल्या अमोनियाचं पुढे काय होणार हे आजूबाजूच्या आम्लतेवर ठरतं. माल आम्लधर्मी असला तर तो अमोनियम होऊन ओल्या थरात अडकून राहतो आणि नाकाला लागत नाही. माल अल्कधर्मी असला तर तो वायू होऊन सुटतो.

आता आपण घरोघरी वासावर काय टाकतो ते बघा. चुलीची किंवा बंबाची राख, चुना, खाण्याचा सोडा. तिन्ही अल्कधर्मी. राख आणि चुना अमोनियाला अक्षरशः हाकलून बाहेर काढतात. पहिल्या दिवशी ट्रे कोरडा दिसतो म्हणून बरं वाटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त झोंबतं. शिवाय चुन्याने मांजराचे पंजे भाजतात, आणि पंजे ते चाटतंच. खाण्याचा सोडा तितका वाईट नाही. शीच्या आंबूस वासावर तो थोडा चालतोही, पण अमोनियावर त्याचा उपयोग नाही. तुमची तक्रार डोळे चुरचुरण्याची असेल तर तो आधी बंद करा.

कापूर, डांबर गोळ्या, निलगिरीचं तेल, फिनेल यांतलं काहीही ट्रेजवळ नको. मांजराच्या यकृताला फिनेलमधली फिनॉल वर्गातली द्रव्यं नीट पचवता येत नाहीत, आणि डांबर गोळी तर सरळ विष आहे. ट्रे धुताना ब्लीच ओतू नका. मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घशाला झोंबणारा विषारी वायू होतो. साधा भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि कडक ऊन पुरतं. ट्रेला आतून ओरखडे पडलेले असतील तर वास त्या चिरांमध्ये बसतो आणि तुम्ही उगाच लिटरला दोष देत राहता. असा ट्रे बदलून टाका.

घरात नसबंदी न झालेला बोका असेल तर लिटरकडून फार अपेक्षा ठेवू नका. मांजराच्या मूत्रात फेलिनीन नावाचं एक गंधकयुक्त द्रव्य असतं आणि ते वयात आलेल्या बोक्यात सगळ्यात जास्त. त्यापासून सुटणारा उग्र दर्प अमोनियापेक्षा वेगळा असतो आणि कोणत्याही मातीने पुरता जात नाही. त्याला उपाय पशुवैद्याकडेच आहे.

जिप्समचा घोळ

नाशिक भागात सगळ्यात जास्त गोळे मोडतात ते जिप्समने, म्हणून इथे जरा थांबते. अमोनिया धरायला जिप्सम खरंच चांगलं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते मूत्रापासून होणाऱ्या अमोनियम कार्बोनेटशी संयोग पावून अमोनियम सल्फेट तयार करतं, आणि ते वायू होऊन उडत नाही. जुन्या काळी तबेल्यांत जिप्सम पसरायचे ते याचसाठी. आपल्याकडे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात पोत्याने मिळतं, स्वस्त आहे, आणि हळदीच्या परीक्षेतही पास होतं. म्हणून लोक ते बेंटोनाइटमध्ये मिसळतात, आणि गोळा भुसभुशीत होतो.

इंदिरानगरमधल्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हेच चाललं होतं. तिचा भाऊ पिंपळगावला द्राक्षबाग करतो. ट्रे बघून तो म्हणाला, "अगं ताई, चोपण जमीन चिकट राहू नये म्हणून तर आम्ही जिप्सम टाकतो. आणि तू चिकटायला पाहिजे त्या मातीत टाकतेस?" त्याने एका वाक्यात सगळं सांगितलं. चोपण जमिनीत मातीच्या कणांवर सोडियम बसलेलं असतं, म्हणून ती ओली झाली की फुगून चिकट होते. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतं आणि माती मोकळी होते. सोडियम बेंटोनाइटमध्ये नेमकं हेच घडतं. तुम्ही पैसे मोजून आणलेलं सोडियमचं बेंटोनाइट घरीच कॅल्शियमचं करून ठेवता. कॅल्शियम असलेलं काहीही हाच परिणाम कमीजास्त प्रमाणात करतं, चुनाही.

म्हणून बेंटोनाइटच्या लिटरमध्ये जिप्सम नाही. तिथे झिओलाइट नावाचं खनिज वापरा. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात झिओलाइटचे देखणे स्फटिक तुम्ही पाहिले असतील. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये ते सापडतात. लिटरसाठी मात्र मत्स्यपालनाच्या सामानात मिळणारी झिओलाइटची भरड घ्यायची. तळ्यातला अमोनिया धरायलाच ती वापरतात. दहा भाग बेंटोनाइटला एक भाग झिओलाइट, यापासून सुरुवात करा. जोडीला नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा, किलोला दोन-तीन चमचे. कोळसा अमोनियावर फारसा चालत नाही, पण बाकीचे दर्प तो चांगले ओढतो. जास्त घातला तर मांजराचे पंजे काळे आणि तुमची फरशीही काळी.

बेंटोनाइटचा गोळा तरीही फुटत असेल तर

माल चांगला आहे, जिप्सम नाही, चुना नाही, तरी गोळा बसत नाही. अशा वेळी मी दाण्याचा आकार बघते. नुसती पावडर ट्रेमध्ये भरली तर वरचा थर ओला होताच चिकट साय धरतो, मूत्र खाली जातच नाही, वर डबकं होतं आणि कडेने ओघळून तळाला लापशी चिकटते. उलट फार मोठे खडे असतील तर मूत्र मधल्या फटींतून सरळ तळाशी जातं. ज्वारीपासून मोठ्या साबुदाण्यापर्यंत दाणा हवा, आणि त्यात थोडा बारीक चुरा.

पावडरचे दाणे घरी करता येतात. परातीत पावडर पसरून फवाऱ्याने अगदी थोडं पाणी मारायचं आणि हाताने चोळत राहायचं. पीठ मळायचं नाही, रवाळ गुठळ्या व्हायला हव्यात. त्या कडक उन्हात खणखणीत वाळवायच्या, बत्त्याने हलक्या हाताने फोडायच्या आणि दोन चाळण्यांतून काढायच्या. जाड चाळणीवर राहिलेलं परत फोडायचं, बारीक चाळणीखाली पडलेल्यातलं थोडं मिसळायचं आणि बाकी पुढच्या खेपेला ठेवायचं. हे सगळं गच्चीवर किंवा अंगणात करा आणि नाकाला चांगला मास्क बांधा. या धुळीत सिलिकाही असू शकतो, आणि तो फुप्फुसाला वाईट. पाणी नळाचं घ्या. बोअरचं जड पाणी टाळा, त्यातही कॅल्शियम असतंच.

ट्रेमध्ये थर अडीच-तीन इंच हवा. एक-दीड इंचाच्या थरात कुठलंही लिटर तळाला चिकटणारच. आणि ओलं झाल्या झाल्या झारा घालू नका. वीस मिनिटं थांबा. मग गोळा उचलून मधोमध मोडून बघा. आत कोरडी पावडर दिसली तर दाणे फार बारीक आहेत. आत पाणी सुटलेलं दिसलं तर माल फुगत नाही. सगळीकडे सारखा ओलसर आणि दाट असेल तर तुमचं जमलं.

भुशाचं लिटर

बेंटोनाइट जड असतं, धूळ उडवतं, तिसऱ्या मजल्यावर पोती वाहायची म्हटलं की नको होतं. म्हणून अनेक जण लाकडाचा भुसा, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांची भरड किंवा कोकोपीट वापरतात. येवला-मालेगावकडे मका भरपूर, त्यामुळे कणसांची भरड आपल्याला सहज मिळू शकते, आणि माझ्या मते या सगळ्यांत तीच उत्तम. भुसा घ्यायचा तर वखारीतला, साध्या लाकडाचा. प्लायवूड आणि एमडीएफचा नको, त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. घोटीच्या गिरण्यांकडचं भाताचं तूस स्वस्त पडतं, पण त्याच्या वरच्या चकचकीत सालीतून पाणी आत शिरत नाही. वापरायचंच तर दळून घ्या.

यातलं काहीच आपोआप गोळा धरत नाही. त्याला ग्वार गम लागतो, म्हणजे गवारीच्या बियांची पावडर. किलोभर कोरड्या भरडीला तीस-चाळीस ग्रॅमपासून सुरू करा. तो नुसता वरून भुरभुरवला तर तळाला जाऊन बसतो, आणि हे या लिटरचं नेहमीचं दुखणं आहे. आधी भरडीवर पाण्याचा हलका फवारा मारा, दाण्याला जेमतेम ओल लागेल इतकाच. मग गम टाकून मिसळा, म्हणजे तो प्रत्येक दाण्याला चिकटतो. लगेच उन्हात वाळवा.

इथे मात्र जिप्सम बिनधास्त घाला, किलोला मूठभर. ग्वार गमला कॅल्शियमची अडचण नाही. सायट्रिक अ‍ॅसिडही काही जण घालतात, अमोनिया धरायला ते चालतं, पण चिमटीच्या पुढे जाऊ नका. आम्लता फार वाढली की ग्वार गम फुलायला वेळ लावतो आणि गोळा कच्चा राहतो. थंडीतही तो आळसावतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा खाली येतो त्या दिवसांत वीस मिनिटांऐवजी तासभर थांबून मग उचला. कणीक किंवा कोंडा घालून चिकटपणा आणू नका. त्याला मुंग्या लागतात, पोरकिडे होतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

भुशाचा गोळा दिवसभर ट्रेमध्ये पडून राहू देऊ नका. जिवाणू गमच खातात, आणि सकाळी घट्ट असलेला गोळा दुसऱ्या दिवशी सैल होतो. दिवसातून दोनदा उचलायला जमणार नसेल तर तुम्ही बेंटोनाइटकडेच वळा.

जून आला की सगळं बिघडतं, ते का

उन्हाळ्यातली तक्रार बहुतेक वासाची असते, कारण उष्णतेत युरिएज झपाट्याने काम करतं. पावसाळ्यातली तक्रार गोळ्याची. हवेतला दमटपणा ग्वार गम आधीच शोषून घेतो, म्हणजे मांजर यायच्या आतच त्याची अर्धी ताकद खर्च होते. बेंटोनाइटही ओल धरतं, पण ते वाळवून परत वापरता येतं. भुशाचं एकदा गेलं की गेलं. म्हणून मार्च ते मे या कडक उन्हात पावसाळ्यापुरतं लिटर करून घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवा. ट्रेमध्ये एका वेळी थोडं काढा. ट्रे मोरीत किंवा बाल्कनीत पावसाचे शिंतोडे येतात तिथे ठेवलेला असेल तर आधी तो हलवा.

गोळे मोजत जा

गोळा धरणाऱ्या लिटरचा एक मोठा उपयोग आहे. मांजर किती वेळा आणि किती मूत्र करतं हे तुम्हाला दिसतं. रोजच्यापेक्षा गोळे अचानक मोठे आणि जास्त झाले तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची तपासणी करून घ्या. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय आणि गोळे चिमुकले आहेत किंवा नाहीतच, तर लिटरमध्ये चूक शोधत बसू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच क्षणी दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांना गोळा धरणारं लिटर देऊ नका. ती खाऊन बघतात आणि ते पोटात फुगतं. त्यांना कागदाचे तुकडे किंवा गम न घातलेला भुसा पुरे.

वापरलेले गोळे संडासात टाकू नका. बेंटोनाइट पाइपमध्ये फुगून बसलं की प्लंबरच बोलवावा लागतो. ते शेतात, भाजीच्या कुंडीत किंवा गोदावरीच्या काठावरही नको. मांजराच्या शीत टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी असू शकतात, आणि ती बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात. रोजच्या रोज शी उचलण्याचं हे आणखी एक कारण. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. वापरलेलं लिटर कागदात घट्ट बांधून, वेगळं करून घंटागाडीत द्या, आणि आत काय आहे ते कामगारदादांना सांगा. ते हातानेच कचरा वेगळा करतात.